पाठ

जुबेदा तडवीची पाठ
मला पाठ आहे.
डाव्या खांद्याखाली उसवलेली शिवण,
बनियनवर टाचलेला नंबर, चार पिना,
त्यातली एक कायम गंजकी,
आणि वेणी. तिसाव्या मीटरपर्यंत ती उडायची,
मग ताठ व्हायची, मागून कुणी धरल्यासारखी.
मीच धरायला हवी होती.
पण आमच्यात चार मीटर असायचे,
कधी साडेचार.

सावद्याच्या शाळेमागचं मैदान म्हणजे
केळीची बाग काढून टाकलेलं रान.
नेहेते सर पहाटे फक्की मारायचे,
दोनच पट्ट्या, तिसरीला चुना पुरायचा नाही.
उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडत.
तिच्या पट्टीत जास्त होत्या, एकवीस.
मी मोजल्यात.
दुसरी आलेल्या मुलीला वेळ असतो.

आमच्याकडे ळ टिकत नाही.
केळीची केयी होते, डोळ्याचा डोया,
आणि बांधावरून बाप्ये ओरडायचे,
पय व माय, पय!
कोणाला, ते मी कधी विचारलं नाही.
पुण्याच्या रबरी ट्रॅकवर आमच्या सरांचं ते ओरडणं
कुणाला कळलं नाही.
तिथं ती पहिल्यांदा बारा सेकंदांच्या आत आली.
मी सहावी.
वसतिगृहात रात्री तिनं मला कळण्याच्या भाकरीचा
डबा उघडून दिला आणि म्हणाली,
तू नसतीस तर मागे कुणाची पावलं ऐकली असती?
मला ते बरं वाटलं
आणि बरं वाटल्याचा रागही आला.

मग रांची, मग कोची, सोनं, परत सोनं.
तिचा बाप सावद्याच्या धक्क्यावर केळीचे घड वाहायचा,
तो सत्काराला खांद्यावरचं पोतं न काढताच उभा राहिला.
घरी नारळ इतके साठले
की तिची आई ते दुकानदाराला परत विकायची
आणि पुढच्या सत्काराला तेच परत यायचे.
एकावर तिनं कोळशानं फुली मारली होती.
तो चारदा आला.

दोह्याहून तिनं मला काही आणलं नाही,
फक्त तिथला नंबर,
कागदाचा नव्हे, न फाटणारा, कापडासारखा.
स्वतःच्या पाठीला लावून घेतला माझ्याकडून
आणि अंगणात उभी राहिली.
सांग, मागून कसा दिसतो?
उपांत्य फेरीतच परतली होती ती.
मागे पहिल्यांदा
कुणीच नव्हतं.

जळगावला, पोलिसांच्या मैदानावर,
तिची ती शेवटची शर्यत हे कुणाला माहीत होतं?
साठ मीटरवर तिच्या उजव्या मांडीत काही तुटलं.
आवाज मला आला,
दादरचं वाळलं ताट मोडावं तसा.
ती बाजूला झाली आणि समोर
चाळीस मीटर नुसती जागा.
ना शिवण, ना पिना.
मी काय बघत पळणार होते?
पाय होते, ते पडत गेले.
फीत छातीला लागली तेव्हा ती कशाला म्हणतात
तेही क्षणभर आठवेना.
तेरा पूर्णांक दोन.
दुसरी येताना मी इतकी हळू कधीच आले नव्हते.
ते मेडल भाच्यानं पोळ्याला
गोऱ्ह्याच्या गळ्यात घातलं.
शोभलं त्याला.

परवा भुसावळला, तीन नंबरवर,
काळ्या कोटातली एक बाई समोरून आली.
चष्मा, अंगानं भरलेली, उजवा पाय किंचित ओढत.
तिकीट मागितलं. दिलं.
तिनं पेन्सिलनं रेघ मारली,
उन्हाळा फार आहे म्हणाली, सगळ्यांनाच म्हणत असावी,
आणि पुढच्या बाकाकडे वळली.

वळली, तेव्हा.

हाक तोंडात आली होती.
माझी गाडी पाचवर लागत होती, भोंगा झाला होता.
पिशवी उचलली आणि तिच्या मागे निघाले,
चार मीटरवर.